पानिपतावर लिहिताना रसदीवर पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तुमच्या पेपरात पानिपतावर पूर्ण पानभर आलं होतं. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, सगळ्यांचा पराक्रम वाचून ऊर भरून आला, पण अख्ख्या पानात रसद हा शब्द एकदाच, तोही जाता जाता. मी आर्मीत सप्लाय कोरला ड्रायव्हर होतो, आता देवळाली कॅम्पात असतो, म्हणून राहवलं नाही.

१४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची सुरुवात आधीच्या ऑक्टोबरातच झाली होती. आपल्या लोकांनी दिल्लीच्या वरचा, यमुनेकाठचा कुंजपुरा किल्ला घेतला, तिथं धान्य भरपूर सापडलं, पण तेवढ्यात अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला आणि आपली छावणी आणि दिल्ली यांच्या मधे बसला. झालं, वाट तुटली. त्याला त्याच्या बाजूच्या रोहिल्या नजीबखानाच्या मुलखातून दाणागोटा येत राहिला, आणि आपल्याकडे फौज, वर बुणगे म्हणजे न लढणारी माणसं, यात्रेकरू, बायकापोरं, घोडे, बैल, एवढ्या सगळ्यांची तोंडं. अब्दालीची रसद मारायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांवर होतं, ते डिसेंबरात मारले गेले, तिथून पुढे छावणीचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. शेवटी सरदारच भाऊंना म्हणाले की दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलंसुरलं धान्य रात्री शिजवून खाल्लं आणि पहाटे बाहेर पडले. अशा पोटांनी दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे ठेवलं होतं, हे मला तरी फार मोठं वाटतं.

आणि यात आपलं नाशिक पण आहे हो! पूर आला की आपण सगळे नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का बघायला पुलावर जातो, ते देऊळ बांधणारे नारो शंकर त्या वेळी दिल्ली सांभाळत होते आणि तिथून छावणीला पैसा पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. जानेवारीत अशीच एक तुकडी खजिना घेऊन रात्रीची निघाली आणि अंधारात वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली, कापली गेली. रात्री लाईट बंद ठेवून कॉन्व्हॉय चालवलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून झोप लागत नाही.

लोकांना वाटतं रसद म्हणजे पोती मोजायचं काम. आम्ही श्रीनगरहून लेहला माल न्यायचो, वाटेतली झोजीला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचा साठा वर गेला पाहिजे, त्यात सगळ्यात जपायचं काय तर रॉकेलचे जेरीकॅन. कारण वरच्या पोस्टवर नळ नाही, विहीर नाही, बर्फ स्टोव्हवर वितळवायचा तेव्हा प्यायला पाणी. रॉकेल संपलं तर डाळ-तांदूळ गच्च भरलेला असून जवान तहानलेला. एकदा एक जेरीकॅन गळका निघाला, मी पोचेपर्यंत निम्मा रिकामा, त्या पोस्टवरच्या हवालदारानं मला एक शब्द बोलला नाही, नुसता तो डबा हलवून बघितला. ते अजून डोळ्यासमोर आहे.

१९६२ च्या चीन युद्धात आत्ताच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीवर तर तवांगच्या पुढे धड रस्ताच नव्हता, अंगात सुती कपडे, माणशी ५० राऊंड, विमानातून टाकलेला माल बराचसा दऱ्याखोऱ्यात गेला, आणि २० ऑक्टोबरला चीन अंगावर आला. ते जवान काय कमी शूर होते का? त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्यांना आपल्या नाशिकनंच बिनविरोध लोकसभेत पाठवलं.

तर विनंती एवढीच, पुढच्या संक्रांतीला लढाईच्या नकाशाशेजारी दुसरा एक नकाशा छापा, कुंजपुरा, बागपत, दिल्ली, आणि धान्य कुठून येत होतं, कधी आणि कुठे तुटलं. आमच्या गल्लीतल्या शाळेच्या पोरांना तो मी स्वतः समजावून सांगीन.

आपला,
एक माजी सैनिक, देवळाली कॅम्प, नाशिक