गाडीची चौकशी झाली, रस्त्याची कोण करणार?

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मौल्यवान आहे याची जाणीव ठेवून लिहिते आहे. मी 67 वर्षांची निवृत्त शिक्षिका. शाळेत 31 वर्षं काढली. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पत्रावर ‘स्थानिक बाब, पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते एकेक टेबल करत खाली उतरतं. शेवटी ते पोचतं तिथे, जिथे मी गेल्या चार वर्षांत आमच्या रस्त्याच्या फुटपाथसाठी तीन अर्ज देऊन आले आहे. तिन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही नाही.

26 जूनला, गुरुवारी संध्याकाळी, मी भाजी घेऊन बसथांब्याकडे चालले होते. आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे. कागदावर तर नक्कीच आहे. पण तो जमिनीपासून सव्वा फूट उंच आहे आणि माझा डावा गुडघा संधिवाताने धरलेला आहे. त्यावर चढायचं म्हणजे कुणाचा तरी हात धरावा लागतो. चढलं, तरी वीस पावलांवर विजेची डीपी, तिच्यापुढे चहाची टपरी, टपरीला लावलेल्या दुचाक्या. म्हणजे पुन्हा खाली उतरा. म्हणून माझ्यासारखी सगळीच माणसं त्या रस्त्यावर डांबराच्या कडेकडेने चालतात. मीही तशीच चालले होते. मागून दुचाकी आली. पोरगा घरपोच जेवण पोचवणारा, विशीतलाही नसेल. समोर रिक्षा अचानक थांबली, त्याने गाडी डावीकडे काढली, आणि डावीकडे मी होते.

डाव्या खुब्याचं हाड मोडलं. अर्धा सांधा बदलावा लागला. आषाढी एकादशी मी खाटेवर काढली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा विठ्ठलाच्या देवळात गेले नाही. आज पत्र लिहिताना वॉकर शेजारी उभा आहे. न्हाणीघरात जायलासुद्धा सुनेला हाक मारावी लागते. ती कधी कुरकुर करत नाही, आणि ती करत नाही याचंच मला जास्त लागतं. ज्या बाईने एकटीच्या पगारावर दोन मुलं वाढवली, तिला अंघोळीला दुसऱ्याच्या हातांची वाट पाहावी लागते हे तुमच्या कुठल्या आकडेवारीत येतं, मंत्रिमहोदय? जखमींच्या रकान्यात मी ‘एक’ आहे.

पैशांचंही सांगते. 5 मे 2025 ला तुमच्याच खात्याने अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. तीही सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर, कारण त्याची तरतूद कायद्यात 2019 पासून होती. माझा मुलगा त्या बातमीचं कात्रण घेऊन रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने कात्रण नीट वाचलं आणि म्हणाला, ‘आमच्याकडे असं काही आलेलं नाही. आधी डिपॉझिट भरा.’ माझी मुदतठेव मोडली. ती माझ्या मागे मुलांना त्रास नको म्हणून ठेवली होती.

पण माझं खरं दुःख याहून वेगळं आहे. तिसऱ्या दिवशी पोलीस हवालदार जबाब घ्यायला आले. वयाने प्रौढ, बोलायला नम्र. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, फुटपाथ सोडून तुम्ही रस्त्यावरून का चालत होता?’ मी त्यांना उंची सांगितली, डीपी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, लिहिलं मात्र नाही. कागदावर आलं ते असं: चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून. भारतीय न्याय संहिता, कलम 281 आणि 125, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. एका अपघाताचा एक गुन्हेगार ठरला आणि चौकशी संपली.

घरी आल्यावर मी शेजारच्या मुलाला शिवणकामाची टेप दिली आणि फुटपाथ मोजून आणायला सांगितलं. कडेची उंची 38 सेंटिमीटर. डीपीच्या बाजूला चालायला उरलेली जागा 41 सेंटिमीटर. भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे आयआरसी, ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिचं पादचाऱ्यांसाठीचं मानक, आयआरसी 103, म्हणतं की कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि निवासी भागात अडथळा नसलेली रुंदी किमान 1.8 मीटर हवी. मला मिळायला हवे होते 180 सेंटिमीटर, मिळाले 41. हे मोजायला शासनाकडून कोणीही आलेलं नाही. तुमच्या खात्याने 2021 पासून अपघातांची माहिती गोळा करणारी संगणकप्रणाली आणली आहे, आयआयटी मद्रासच्या मदतीने. तिच्यात रस्त्याची माहिती भरायलाही जागा आहे असं वाचलं. आमच्या रस्त्यावर ती जागा भरायला टेप घेऊन कोण आलं? एक नववीतला मुलगा.

तुम्ही म्हणाल, बाई, शहरातले रस्ते महापालिकेचे, माझ्याकडे महामार्ग. हे उत्तर मला पाठ आहे. महापालिका म्हणते डीपी वीजमंडळाची, वीजमंडळ म्हणतं जागा महापालिकेने दिली, टपरीचं नाव काढलं की अतिक्रमण विभाग दुसऱ्या मजल्यावर. पण मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. आयआरसीची मानकं तुमच्या छत्राखाली ठरतात. आणि ती संस्था 1934 साली उभी राहिली ती आपल्याच एका माणसाच्या समितीच्या शिफारशीवरून, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. नव्वद वर्षांपूर्वी या देशाने ठरवलं की रस्ता शास्त्राने बांधायचा. शास्त्र लिहून झालं, छापून झालं, सुधारूनही झालं. ते माझ्या दारापर्यंत सव्वा फूट खाली उतरू शकलं नाही.

त्याच मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये तुम्ही कलम 198-अ घातलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल करणाऱ्याने मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर त्या अधिकाऱ्याला, ठेकेदाराला, सल्लागाराला दंड. किती? एक लाखापर्यंत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या चालकाला न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सव्वा फुटाचा फुटपाथ बांधून हजारो म्हाताऱ्यांना रस्त्यावर ढकलणाऱ्याला जास्तीत जास्त एक लाख. तोही कुणाला झालेला माझ्या ओळखीपाळखीत कुणी ऐकलेला नाही, आणि माझ्या ओळखीत दोन वकील आहेत.

तुमच्याच खात्याचा 2022 चा अहवाल नातवाने मला काढून दिला. देशात 1,68,491 मृत्यू. त्यात पादचारी 32,825. म्हणजे रोज नव्वद चालणारी माणसं. महाराष्ट्रात एकूण 15 हजारांवर. आणि कारण? 71 टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’. मी शिक्षिका होते, मला उत्तरपत्रिका तपासायची सवय आहे. वर्गातली 71 टक्के मुलं एकाच प्रश्नात चुकली तर दोष मुलांचा नसतो, शिकवण्याचा असतो. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता बांधायचा, त्यावर ना नीट क्रॉसिंग ना वेग कमी करणारी रचना, आणि मग गाडी पळाली की चालकावर खापर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग 1 टक्का वाढला की प्राणघातक अपघातांची शक्यता 4 टक्के वाढते. गाडीचा वेग किती, हे रस्ताच ठरवतो. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक दिनेश मोहन, गीतम तिवारी यांनी अनेक दशकं संशोधन करून हेच सांगितलं. माणूस चुकणारच, पण त्याच्या चुकीची शिक्षा मरण असू नये असा रस्ता बांधा. मोहन 2021 साली गेले. स्वीडनच्या संसदेने हाच विचार 1997 साली धोरण म्हणून स्वीकारला.

आणि हे परदेशातच होतं असं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं मेली. रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्याचं रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) आणि महामार्ग पोलीस एकत्र बसले. एकेक अपघात उकलला, गाडी कशावर आदळली ते पाहिलं, उघडे खांब, कठडे झाकले, उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा बंदोबस्त केला. काही वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे संशोधन चालतं. आपल्याच मातीत, आपल्याच पोलिसांच्या हातून चालतं. मग ते टोल भरणाऱ्या मोटारवाल्यासाठी होतं आणि भाजीची पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईसाठी का होत नाही?

इथे मला राग आवरत नाही, माफ करा. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच सांगितलं होतं की रस्ता वाहनं हलवण्यासाठी नसून माणसं हलवण्यासाठी आहे. त्याच वर्षी पुण्यात देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. नगर रस्त्यावरची अशी मार्गिका पुढे उखडून टाकली. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण केलं आणि आता वर्षातून एकदा, 11 डिसेंबरला, लक्ष्मी रस्ता गाड्यांविना ठेवतात. उरलेले 364 दिवस पादचाऱ्याने काय करायचं? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला आणि 2020 मध्ये पाडला. पूल बांधायला पैसे असतात, पाडायलाही असतात. पंधरा सेंटिमीटरच्या कडेला नसतात, कारण तिचं उद्घाटन करता येत नाही, तिच्यावर कोनशिला बसत नाही आणि तिच्या ठेक्यात कुणाचं पोट भरत नाही. हे मी कुण्या एका पक्षाबद्दल म्हणत नाही. माझ्या मतदानाच्या वयात सगळे येऊन गेले.

आता विजेच्या बस येत आहेत. केंद्राने 2023 मध्ये शहरांसाठी 10,000 बसची योजना मंजूर केली. चांगलं झालं, धुराने माझीही छाती भरते. पण बसपर्यंत माणूस पायी जातो आणि बसमधून उतरून पायीच घरी येतो. ती दोनशे पावलं जिवावरची असतील तर माझी सून मला बसने जाऊ देणार नाही, रिक्षा करून देईल, आणि नातू अठराचा झाला की दुचाकी मागेल. गाड्या वाढतात त्या अशा. शाश्वत वाहतुकीचे परिसंवाद भरवताना हा हिशेब कोणी मांडतं का?

आम्ही शाळेत दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह साजरा करत होतो. चित्रकला स्पर्धा, घोषणा, प्रभातफेरी. मी स्वतः मुलांना हात पुढे करून शपथ दिली आहे, ‘मी नेहमी फुटपाथवरून चालेन.’ तेव्हा त्या शाळेसमोर फुटपाथ नव्हता. मी शपथ देत राहिले याची मला आज लाज वाटते. इंजिनियरला, नगररचनाकाराला, निविदेवर सही करणाऱ्याला अशी शपथ दिलेली मी पाहिली नाही.

12 डिसेंबर 2024 ला लोकसभेत तुम्ही कबूल केलंत की अपघात कमी व्हायचे सोडून वाढले, आणि परदेशातल्या परिषदेत या विषयावर चर्चा निघाली की तोंड लपवावंसं वाटतं. अपघात निम्मे करायचं उद्दिष्ट तुम्हीच ठेवलं होतं. तुम्ही स्वतः मोठ्या अपघातातून गेला आहात, कुटुंबासह दीर्घकाळ रुग्णालयात राहिला आहात. म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता तुम्हाला लिहिलं. तुम्हाला खुब्याचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

मला एवढंच हवं आहे. रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वेच्या हाताखाली राहू नयेत म्हणून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे ठेवले आहेत. किती शहाणपणाची व्यवस्था ती! रस्त्यावर रोज साडेचारशे माणसं मरतात, त्यांच्यासाठी असा एकही माणूस नाही, ज्याला रस्त्याला प्रश्न विचारायचा अधिकार आहे. तो नेमा. प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक गंभीर दुखापतीनंतर त्याने टेप घेऊन जागेवर जावं, मानकाशी ताडून पाहावं आणि अहवाल सगळ्यांना वाचता येईल असा लावावा. फुटपाथ मानकाप्रमाणे नसेल तर त्या शहराला रस्त्यांसाठी केंद्राचा पुढचा पैसा देऊ नका. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की चालण्यासाठी मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद 21 चा भाग आहे. मी त्यानंतर सहा आठवड्यांनी पडले.

त्या दुचाकीवाल्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो पळून गेला नाही. त्यानेच मला रिक्षात घातलं, मांडीवर डोकं घेतलं आणि रुग्णालय येईपर्यंत रडत होता. नंतर आईला घेऊन भेटायला आला. आई धुणीभांडी करते. तिने सहा केळी आणली होती. गुन्हा नोंदल्यावर त्याचं काम सुटलं. आता खटला उभा राहील आणि मला साक्षीला बोलावतील. मी वॉकर घेऊन जाईन आणि खरं तेच सांगेन, गाडी त्याचीच होती. पण न्यायाधीशांनी विचारलं की आणखी कोण जबाबदार होतं, तर मी कुणाचं नाव सांगू? तारीख लागायच्या आत मला तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका