विजेची गाडी की पेट्रोलची? डोंबिवलीच्या मित्रास पत्र

कोल्हापूर,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दोन्ही गाड्यांची दरपत्रके जोडून तू माझा सल्ला मागितला आहेस, आणि मी स्वतः विजेची गाडी चालवतो म्हणून तिचीच बाजू घेईन, असे तू गृहीत धरलेले दिसते. ती गाडी मला मनापासून आवडते हे खरे आहे. तरीही तुझी आजची परिस्थिती नीट पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, या खेपेला तू पेट्रोलचीच गाडी घ्यावीस. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण हा तुझ्या कष्टाच्या पैशाचा आणि काकूंच्या प्रवासाचा प्रश्न आहे.

आधी माझे सांगतो, म्हणजे फरक ध्यानात येईल. माझे घर स्वतःचे आहे, गाडी अंगणात उभी राहते आणि तिच्याजवळच्या भिंतीवर 15 अँपिअरचा प्लग आहे. रोज इचलकरंजीला जाऊन येईपर्यंत साधारण 60 किलोमीटर होतात आणि त्यासाठी दहाएक युनिट वीज लागते. छतावर पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटचे पॅनेल बसवले, त्याला 78,000 रुपयांचे अनुदान मिळाले, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते बारा युनिटच्या आसपास वीज देतात. दिवसा तयार झालेली ही वीज महावितरणाच्या नेट मीटरमध्ये जमा होते आणि रात्री गाडीत भरली जाते. माझी गाडी वर्षाला 18,000 किलोमीटरच्या घरात धावते. तेवढ्यासाठी आजच्या भावाने लाखाच्या वर पेट्रोल जाळावे लागले असते. त्यामुळे गाडीसाठी जे तीन लाख अधिक मोजले ते चार वर्षांच्या आत वसूल होतात, आणि मग निव्वळ बचतच उरते.

आता तुझे पाहू. तू रोज लोकलने मुंबईला जातोस. गाडी बाहेर निघणार ती शनिवार-रविवारी, बाजारहाटाला, आणि काकूंना भेटायला किंवा आणायला गुहागरला जाताना. ओढूनताणून वर्षाला 6,000 किलोमीटर धर. शहरात पेट्रोलची गाडी 15 चे अ‍ॅव्हरेज देते असे मानले, तर किलोमीटरला सात रुपये, म्हणजे वर्षाला 42,000 रुपये होतात. तुझ्याकडे घरचा प्लग नाही, तेव्हा सगळे चार्जिंग बाहेरच्या जलद चार्जरवर करावे लागेल. तिथे कर धरून युनिटमागे वीस-पंचवीस रुपये पडतात आणि एका युनिटमध्ये गाडी सहा-साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये. वर्षाची बचत झाली वीस हजारांच्या आसपास, आणि वरचे तीन लाख फिटायला पंधरा वर्षे हवीत. बॅटरीची हमी मात्र सर्वसाधारणपणे 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवरची असते.

विजेच्या गाडीला रस्ता कर नाही आणि पेट्रोलच्या गाडीला 11 टक्के भरावा लागतो, हे तू बरोबर लिहिले आहेस. तो फरक मी वरच्या तीन लाखांत धरला आहे. पण 22 सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला, हे तुझ्या हिशेबात आलेले दिसत नाही. विजेच्या गाडीवरचा 5 टक्के कर होता तेवढाच आहे, म्हणून दोन किमतींतले अंतर वाढले. अटल सेतूवरच्या टोलमाफीचेही तू लिहिले आहेस, परंतु डोंबिवलीहून पनवेलमार्गे गुहागरला निघालास की अटल सेतू वाटेत येतच नाही.

खरी अडचण पैशांहून मोठी आहे. तू भाड्याच्या घरात राहतोस आणि पार्किंगची जागा घरमालकाच्या नावावर आहे. तळमजल्यावर चार्जर बसवायचा तर मीटरपासून वेगळी केबल ओढावी लागते, त्याला सोसायटीची संमती लागते आणि सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नसते. तुमच्या अध्यक्षांनी आगीची भीती पुढे केली, असे तू लिहितोस. भीती सर्वस्वी खोटी नाही, पण योग्य जाडीची केबल, स्वतंत्र ब्रेकर आणि जाणकार वायरमन असला तर ती आटोक्यात राहते, आणि हे घरमालकानेच सभेत मांडायला हवे. तोवर तुला रविवारी सकाळी चार्जर शोधत कल्याण-शीळ रस्त्यावर फिरावे लागेल. रात्री घरी झोपेत गाडी भरली जाणे, हेच या गाडीचे सर्वांत मोठे सुख, आणि तुला नेमके तेच मिळणार नाही.

गावी तरी घरच्या प्लगवर चार्ज करता येईल, असे तू म्हणतोस. त्याबद्दल पाहिलेली गोष्ट सांगतो. देवरुखला मामांच्या जुन्या घरी मी चार्जर लावला, तर त्याच्या डबीवर लाल दिवा लागला आणि गाडी काही वीज घेईना. पंखे, दिवे, मिक्सर सारे व्यवस्थित चालू होते. घराला अर्थिंग मात्र नव्हते, आणि अर्थिंग नसेल तर हा चार्जर सुरूच होत नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, परसात खड्डा खणून त्याने तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरले, पाणी ओतले, आणि मग हिरवा दिवा लागला. गुहागरला हे काम करून घेता येईल, त्यात फार खर्च नाही. पण साध्या प्लगवरून तासाला तीन युनिटदेखील जेमतेम मिळतात. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी आठपर्यंत पावणेदोनशे किलोमीटरपुरती भरेल, आणि तुझे अंतर अडीचशेहून अधिक आहे.

वाटेत माणगाव, महाड, खेड, चिपळूण या पट्ट्यात चार्जर आहेत आणि शांत दिवशी एका थांब्यात तुझे काम भागेल. गणपतीला जाताना मात्र त्याच चार्जरपुढे गाड्यांची रांग असते, आणि प्रत्येक गाडीला किमान पाऊण तास लागतो. शिवाय पावसाळा आहे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले होते, आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण कसे पाण्याखाली गेले ते तुला ठाऊकच आहे. काकूंना रात्री-अपरात्री चिपळूणच्या दवाखान्यात हलवायची वेळ आली आणि गावची वीज दोन दिवसांपासून गेलेली असली, तर टाकीत असलेले अर्धे पेट्रोल मला अधिक भरवशाचे वाटते. या एका कारणासाठीही मी तुला हाच सल्ला दिला असता.

प्रदूषणाबद्दल तू जे लिहिलेस ते वाचून बरे वाटले, कारण हा विचार करूनच मीही गाडी घेतली. पण तिथेही आकडे बघावेत. लिटरभर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे 15 च्या अ‍ॅव्हरेजला किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशावरची आहे आणि एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन पडतो, म्हणून विजेच्या गाडीचे किलोमीटरला एकशे दहा-वीस ग्रॅम होतात. ती सरस आहेच. पण बॅटरी बनवतानाच बराच कार्बन खर्च झालेला असतो आणि तो भरून निघायला गाडी भरपूर पळावी लागते. तुझी गाडी आठवड्याचे पाच दिवस उभीच राहणार आहे. तू रोज लोकलने जातोस, त्यातच या दोन गाड्यांतल्या फरकाहून कितीतरी अधिक प्रदूषण वाचते.

पेट्रोलची घेताना दोन-तीन गोष्टी पाहा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असल्याने इंजिनाची काळजी नको, अ‍ॅव्हरेज मात्र थोडे कमी धर. जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणार असलास, तर तिला हे पेट्रोल चालावे म्हणून ती एप्रिल 2023 नंतरची आहे याची खात्री कर. सीएनजीचा मोह मला तुझ्यासाठी नको वाटतो, कारण टाकीने डिकीची जागा खाल्ली तर काकूंची व्हीलचेअर ठेवायची कुठे? आणि गाडी ठरवण्याआधी काकूंना एकदा पुढच्या सीटवर बसवून बघ. सीट फार खाली असली की गुडघ्यांवर ताण येतो आणि फार उंच असली की पाय टेकत नाही. दुकानदार याबद्दल काही सांगत नाही.

वाचलेले तीन लाख तू शिळफाट्याला घेत असलेल्या नव्या घरात घाल, म्हणजे कर्जाचा हप्ता तेवढा हलका होईल. करारात पार्किंगच्या जागेबरोबर चार्जरसाठी केबलची सोय लिहून घे. इमारत उभी राहत असताना बिल्डरला ते सहज करता येते, नंतर प्रत्येक वेळी सभेची मिनतवारी करावी लागते. ताबा मिळाला की पुढची गाडी विजेची घे, तेव्हा मीच तुझ्यासोबत शोरूमला येईन. तोवर एकदा कोल्हापूरला ये. माझी गाडी घेऊन आपण आंबा घाट उतरू. उतारावर पाय उचलला की बॅटरीत वीज परत भरते आणि साखरप्यापर्यंत काट्यावरचा आकडा जवळजवळ हलत नाही, ते तुला दाखवायचे आहे.

दरपत्रकांपैकी पेट्रोलच्या दुसऱ्या मॉडेलची ऑन-रोड किंमत मला जास्त वाटते. विम्याची रक्कम वेगळी मागवून मला कळव, मी इथल्या भावाशी ताडून पाहतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद