हिरवळीची मुळे मोजून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरासमोरच्या हिरवळीवर अर्धे पान लेख वाचला. या विषयाला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण त्यातले तीन सल्ले वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. गवत जमिनीलगत बारीक ठेवा, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे पाणी शिंपडा आणि गांडुळांनी माती वर काढली तर कीटकनाशक टाका, असे ते तीन सल्ले. यांतले पहिले दोन मी चार वर्षे अगदी मनापासून पाळले. त्याचे काय झाले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

मी शिवणकाम करते. दिवसभर गळ्यात टेप असते, त्यामुळे डोळ्यांना दिसेल ते मोजायची सवय आहे. माझी हिरवळ बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटर. गवत हरळीचे, तेही बारीक पानाचे. ते लावले तेव्हा इतके दाट होते की पाऊल ठेवले तर दबायचे आणि उचलले की पुन्हा वर यायचे. चौथ्या उन्हाळ्यात त्याच जागी मधेमधे माती दिसू लागली. उरलेले गवत पिवळट, काडीसारखे झाले. मी पाणी वाढवले, खत वाढवले. गवत आणखी विरळ झाले आणि त्या मोकळ्या जागांत लव्हाळा माजला.

एका सकाळी मी खुरप्याने वीतभर चौकोन कापून उचलला. तो इतक्या सहज हातात आला की धस्स झाले. उलटा करून टेप लावली, तर पान दीड सेंटिमीटर आणि मुळे चार सेंटिमीटर. वरची दोन बोटे माती ओली होती, तिच्याखाली सगळे कोरडे आणि टणक. मुळे ओल्या थरापुरती वाढून तिथेच थांबली होती. चार वर्षे मी गवताकडे वरून बघत होते. खाली काय चालले आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आधी कापणीबद्दल लिहिते. गवत कापले तरी जगते, कारण त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीला असतो आणि पान खालून वर सरकत वाढते. पण मुळांना लागणारे अन्न त्या पानांतच तयार होते. पान एकदम बुडापर्यंत कापले की गवत साठवणीतले अन्न खर्चून आधी नवे पान काढते आणि तोवर मुळांची वाढ थांबते. दर आठवड्याला तसेच कापत राहिलो तर मुळांच्या वाट्याला काही उरतच नाही. शिवाय जमिनीवर थेट ऊन पडते आणि मातीत निजलेले तणाचे बी उगवून येते. म्हणून जाणकार सांगतात की एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. माझे गवत मी आता चार सेंटिमीटरवर ठेवते, म्हणजे ते सहा सेंटिमीटर झाले की कापते. वार ठरवून कापत नाही, टेप लावून कापते. वाढीच्या दिवसांत पाच-सहा दिवसांनीच पाळी येते आणि थंडीत महिना निघून जातो. कधी बाहेरगावी जाऊन आल्यावर गवत बारा सेंटिमीटर झालेले असेल, तर एका दिवसात चारवर आणत नाही. बाराचे आठ, चार-पाच दिवसांनी आठचे साडेपाच आणि मग चार.

गोल्फच्या मैदानावर चेंडूच्या भोकाभोवतीचे गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात, मग घरी का नको, असे एका परिचितांनी मला विचारले होते. तिथले गवत खास बुटक्या वाणाचे असते, जवळपास रोज कापले जाते आणि त्याच्या दिमतीला माणसे असतात. उंची ही गवताच्या जातीवर ठरते. हरळी बुटकी चालते. रुंद पानाच्या सेंट ऑगस्टीन गवताला सहा ते आठ सेंटिमीटर तरी लागतात. थंड हवेतल्या फेस्क्यू गवतालाही तेवढीच उंची मानवते. लेखात जातीचा उल्लेखच नव्हता. माप न घेता ब्लाउज बेतावा तसे ते झाले.

धारेबद्दल तर मला जास्त कळकळ आहे. बोथट कात्रीने कापड कापले की कडेला धागे सुटतात. गवताचेही तसेच होते. माझ्या यंत्राचे पाते दोन वर्षे धार न लावता चालले होते. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण हिरवळीवर पांढुरकी झाक यायची आणि मला ते उन्हाचे काम वाटायचे. सुईत दोरा ओवताना वापरते ते भिंग घेऊन एक पान पाहिले. टोक कापलेले नव्हतेच, फाटलेले होते. बारीक तंतू लोंबत होते आणि सुकून तपकिरी झाले होते. अशा जखमेतून पानातले पाणी उडते आणि रोगालाही वाट मिळते. पात्याला धार लावल्यावर दुसऱ्याच कापणीला ती झाक गेली. गवत कापायच्या यंत्राचे मूळच मुळी कापडाच्या धंद्यातले आहे. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने त्याचे पेटंट घेतले. लोकरीच्या कापडावरची लव कापून ते गुळगुळीत करणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. हे कळले तेव्हा मला त्या यंत्राबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला.

आता पाणी. १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी पडले की ते १ मिलिमीटर पावसाएवढे होते. वाढीच्या दिवसांत हिरवळीला साधारणपणे आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे माझ्या ६० चौरस मीटरला १५०० लिटर. मी किती देत होते हे पाहायला सारख्या आकाराचे सहा पसरट डबे हिरवळीवर ठेवले, पंधरा मिनिटे फवारा चालवला आणि पट्टीने पाणी मोजले. फवाऱ्याजवळच्या डब्यात पाच मिलिमीटर, कोपऱ्यातल्या डब्यात दोन आणि सरासरी साडेतीन. सात दिवसांचे झाले साडेचोवीस. म्हणजे आठवड्याचे पाणी मी पुरेपूर देत होते! चूक होती ती वाटणीची. रोजचे साडेतीन मिलिमीटर वरच्या दोन बोटांतच जिरत होते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जात होते. मुळांना खाली जायला काही कारणच नव्हते.

आता तेच पाणी आठवड्यातून दोनदा देते, एका वेळी साडेबारा मिलिमीटर. माझी माती चिकण आहे, वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी वाहू लागते. म्हणून मध्ये अर्धा तास थांबते, पाणी मुरू देते आणि उरलेले मग देते. वाळूच्या जमिनीत पाणी लवकर खाली निघून जाते, तिथे थोडे थोडे आणि जास्त वेळा द्यावे लागेल. पाऊस पडला की त्या आठवड्याचे तेवढे मिलिमीटर वजा करते, एक डबा त्यासाठी कायम बाहेर असतो. पाणी द्यायची वेळ झाली का, हे गवतच सांगते. पान किंचित मिटते, रंग निळसर-करडा होतो आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात.

आणि हे सगळे पहाटे, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिलेले पाणी पानांवर रात्रभर राहते आणि बुरशीला तेच हवे असते. माझ्या हिरवळीवर नाण्याएवढे वाळके ठिपके पडले होते. सकाळी दव असताना त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसायचे, ऊन आले की नाहीसे व्हायचे. पाण्याची वेळ बदलली, उपाशी गवताला बेताचे खत दिले आणि ठिपके कमी होत गेले. एक सांगते, वाळका डाग दिसला की लगेच औषध आणायला धावू नका. त्या जागचे मूठभर गवत धरून ओढा. सतरंजीसारखे गुंडाळून वर आले तर मुळे खाल्ली गेली आहेत, खाली हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतील. तिचा इलाज वेगळा.

एका पट्ट्यात मात्र यातले काहीच लागू पडेना. तिथे दाभण खुपसली, तर दोन बोटे जाऊन अडली. खणले तेव्हा विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंटचे गोळे आणि त्यांवर जेमतेम चार सेंटिमीटर माती निघाली. ज्या कंत्राटदाराने हिरवळ घालून दिली होती, त्याने बांधकामाचा राडा तसाच ठेवून वर गवताच्या तयार चटया पसरल्या होत्या. मला त्याचा अजून राग येतो. पहिल्या वर्षी ते सुंदर दिसले, कारण चटईबरोबर आलेली माती पुरली. गवत लावण्याआधी निदान पंधरा सेंटिमीटर मोकळी माती आहे ना, हे स्वतः खणून पाहा. चटई अंथरली की मग काही दिसत नाही. मी तो पट्टा सगळा उपसला, वीस सेंटिमीटरपर्यंत राडा काढला, माती आणि कुजलेले खत मिसळून भरले आणि शेजारच्या हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या कांड्या, चार-चार बोटांवर लावल्या. तीन महिन्यांत जमीन झाकली गेली.

बाकीच्या जागी माती पायाखाली घट्ट झाली होती. तिथे वाढीच्या दिवसांत पोकळ दातांच्या अवजाराने बोटभर भोके पाडली आणि चाळलेले कंपोस्ट झाडूने त्यांत सारले. वर्षातून एकदा एवढे पुरते.

खताची चूक मात्र माझी एकटीची. मुठीने युरिया फेकला, तोही ओल्या पानांवर आणि वर पाणी न देता. चार दिवसांनी मुठी जिथे जिथे पडल्या तिथे करपलेले पट्टे उमटले. युरियात ४६ टक्के नत्र असते. एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्राच्या वर जायचे नाही, असे धरले तर युरिया होतो सुमारे ११ ग्रॅम आणि माझ्या सगळ्या हिरवळीला साडेसहाशे ग्रॅम. तो वजन करून, दोन भाग करून, एक लांबीच्या दिशेने आणि एक आडवा टाकते आणि लगेच पाणी देते. कापलेले गवतही आता फेकत नाही. बारीक तुकडे तिथेच पडू देते. ते बहुतेक पाणीच असते, पटकन कुजते आणि त्यातले नत्र मातीला परत मिळते.

गांडुळांबद्दलचा सल्ला मात्र मला वाचवेना, संपादक महाशय. त्यांची माती सुकली की खराट्याने पसरते, दोन मिनिटांचे काम आहे. चार्ल्स डार्विनने १८८१ साली लिहिले आहे की इंग्लंडात अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. एवढी मशागत कोणते अवजार करील? इंग्लंडातच रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून गवताच्या कुरणावर एक प्रयोग चालू आहे. त्यातल्या काही वाफ्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही. तिथली माती इतकी आम्ल झाली की गांडुळे जवळजवळ नाहीशी झाली आणि मेलेले गवत न कुजता वर थर होऊन साचले. असा जाड थर हिरवळीत झाला की पाणी खाली जात नाही. गांडुळे मारून तो थर स्वतःच्या अंगणात कोणी कशाला ओढवून घ्यावा?

लव्हाळ्यासाठी माझ्याकडे झटपट उपाय नाही. त्याची काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, तीच ओळख. ओढला की वरचे तुटते आणि खालच्या गाठी तशाच राहून पुन्हा फुटतात. माती ओली असताना खुरप्याने गाठीसकट काढत राहिले. गवत जसजसे दाटले तसतसा तो मागे हटला, कारण सावली त्याला सोसत नाही. सावली हरळीलाही सोसत नाही. झाडाखालच्या कोपऱ्यात मी एक दिवस तासातासाला टिपून ठेवले, ऊन अवघे तीन तास होते. हरळीला निदान सहा तरी हवेत. तीनदा गवत लावून तीनदा गमावलेल्या त्या कोपऱ्यात आता सावलीतली झुडपे आहेत आणि त्यांच्या बुडाशी पाचोळा.

माझी आपल्याला विनंती आहे की वाढीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या तीन सल्ल्यांची दुरुस्ती छापावी. पुढच्या वेळी असा लेख येईल तेव्हा गवत कोणते, ऊन किती तास आणि माती कशी, हे वाचकाने आधी तपासावे असे त्यात असावे. आपला सल्ला वाचून कोणी या रविवारी यंत्राची उंची खाली आणली असेल, तर त्याने ती आधी वर करावी.

हे पत्र लिहिण्यापूर्वी मी पुन्हा एक चौकोन कापला, पहिला कापला होता त्याच्याच शेजारी. या वेळी तो खुरप्याने निघेना, कुदळ आणावी लागली. मुळे पांढरी, दाट, मातीच्या ढेकळांना गुंफून बसलेली. टेप सोळा सेंटिमीटरवर थांबली, तीही तिथे मूळ तुटले म्हणून. चौकोन जागेवर बसवला, पायाने दाबला आणि तांब्याभर पाणी घातले.

आपली,
एक नियमित वाचक