कन्व्हर्टर वितळला आहे, भेसळीने मेलेला नाही

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वॉरंटीत असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे (इंजिनाचा विषारी धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचे) ६८,४०० रुपये वसूल केल्याबद्दल व काढलेला जुना भाग परत न दिल्याबद्दल

महोदय,

माझी गाडी २६ महिन्यांची आहे आणि वॉरंटी ३ वर्षांची. तरीही ११ नोव्हेंबरला तुमच्या कोल्हापुरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्याकडून वरील रक्कम घेतली. बिलावर कारण लिहिले आहे, ‘भेसळयुक्त इंधन’. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे हे दोन शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

१७ ऑक्टोबरला पन्हाळा चढताना गाडी धक्के देऊ लागली. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, तो लुकलुकत होता. दिवा लुकलुकला तर वेग कमी करा आणि गाडी लगेच दाखवा, असे तुमच्याच पुस्तिकेत आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवली. जॉब कार्डवर कोड आहे पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथले पेट्रोल पेटतच नाही. तुमच्या ॲडव्हायझरने कोड पुसला, “पेट्रोलचा प्रॉब्लेम असतो सर, ही टाकी संपू दे, जाईल आपोआप,” म्हणाला आणि गाडी धुऊन हातात दिली. धुतली मात्र छान होती. दोन दिवसांनी दिवा परत आला. फोन केला, तर उत्तर मिळाले, “दिवाळी झाल्यावर या.” नोव्हेंबर उजाडला तेव्हा गाडी हायवेला साठच्या पुढे जाईना आणि खालून डब्यात खडे भरल्यासारखा खडखडाट येऊ लागला.

आता कन्व्हर्टरच्या डब्यात काय चालते ते लिहितो, कारण बिल करणाऱ्याला ते माहीत नसावे. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे बारीक कण. ऱ्होडियमवर नायट्रिक ऑक्साइड फुटतो आणि त्यातला नायट्रोजन जोडीने, हवेत असतो तसाच, बाहेर पडतो. प्लॅटिनम आणि पॅलेडियमवर कार्बन मोनॉक्साइडला नि न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेला ऑक्सिजन मिळतो, त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. जाळी साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापली की हे काम सुरू होते, आणि धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. एका बाजूला ऑक्सिजन काढून घ्यायचा, दुसऱ्या बाजूला द्यायचा, ही दोन्ही कामे एकाच डब्यात जमायची तर इंजिनात हवा आणि पेट्रोलचे माप चोख लागते. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा. इथेनॉल मिसळले की हवा थोडी कमी लागते, आणि ते माप ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो. तुमच्या इंजिनिअरने इथेनॉलवरही बोट ठेवले. टाकीच्या झाकणावर ई२०चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल चालते असा, स्टिकर तुम्हीच लावला आहे, साहेब. आणि उसाच्या कोल्हापुरात इथेनॉलला भेसळ म्हणायला धाडस लागते.

मिसफायर झाला की काय होते? ठिणगी पडत नाही. त्या सिलिंडरमधले पेट्रोल आणि ते जाळायला आलेला ऑक्सिजन, दोन्ही जसेच्या तसे सायलेन्सरच्या वाटेने निघतात आणि तापलेल्या प्लॅटिनमवर जाऊन पेटतात. जे इंजिनात जळायचे ते कन्व्हर्टरमध्ये जळते. त्यात आणखी गंमत अशी की न वापरलेला ऑक्सिजन पाहून सेन्सरला पेट्रोल कमी पडतेय असे वाटते, मग कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो.

शिसे, गंधक किंवा इंजिन ऑइलमधला फॉस्फरस यांनी कन्व्हर्टर निकामी होतो हे खरे. पण ती विषबाधा असते. विषाने धातूची पृष्ठे झाकली जातात, जाळीची भोके शाबूत राहतात. माझ्या गाडीतली जाळी वितळली आहे. काढताना एक तुकडा जमिनीवर पडला, तो मी उचलून खिशात टाकला. एका कडेला भोके स्पष्ट दिसतात, दुसऱ्या कडेला ती बुजून काचेसारखा चकचकीत गोळा झाला आहे. उद्यमनगरात फाउंड्री असलेल्या मित्राने तो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाला, “हे चौदाशेच्या वर गेलंय की रे!” अशी जाळी बहुधा कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची असते, आणि ते सुमारे १,४५० अंशांना वितळते. बिड ओतणाऱ्याला पुस्तक उघडावे लागले नाही.

शिवाय तुमच्याच बिलात, कन्व्हर्टरच्या खालच्या ओळीत, तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, नवीन बसवल्याची नोंद आहे. ती बसल्यावर मिसफायर थांबला. टाकीत पेट्रोल तेच होते. त्याचा नमुना कोणी घेतला नाही, तपासला नाही. मग भेसळ दिसली कुठे?

कॉइल १८ ऑक्टोबरला बदलली असती तर कन्व्हर्टर वाचला असता. म्हणून ६८,४०० रुपये आणि कॉइलचे २,९०० रुपये, दोन्ही वॉरंटीत धरून परत करावेत. जुना कन्व्हर्टर “कंपनीला पाठवायचा असतो” म्हणून ठेवून घेतला आहे. वॉरंटी नाकारून पैसे माझ्याकडून घेतले असतील, तर तो भाग माझा आहे. त्यातल्या तीन धातूंची किंमत भंगारवाल्यालाही कळते. तो आहे त्या अवस्थेत, न फोडता, मला मिळावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. दोन्ही जॉब कार्डे आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. तुकड्याचा फक्त फोटो पाठवतो, तुकडा माझ्याकडेच राहील.

आपला,
एक गाडीमालक
राजारामपुरी, कोल्हापूर