चार्जर लावण्याआधी हे वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि आता सेल्फ मारला की नुसती टकटक होते म्हणालास, म्हणजे बॅटरी उतरली आहे. घरातला जुना लोखंडी चार्जर पाठवते आहे. त्याचा एक अवगुण आधीच सांगते. नवे चार्जर बॅटरी भरली की आपणहून थांबतात, हा थांबत नाही. त्यामुळे रात्री लावून झोपायचं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी लाव आणि घरातच राहा.

बॅटरी गाडीतून काढून घे. दहा नंबरचा पाना लागेल. आधी वजा, म्हणजे काळी वायर सोडव, मग लाल. क्रम उलटा केलास आणि लाल नट सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, कारण गाडीची सगळी बॉडी वजाला जोडलेली असते. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेव. बॅटरी नऊ-दहा किलोची आहे. आडवी करू नकोस, आत सल्फ्युरिक ॲसिड असतं.

चार्जिंग उघड्या गॅलरीत कर. बॅटरी भरत आली की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ उदबत्ती नको, सिगारेट तर नकोच. ठिणगी बहुतेक वेळा चिमटे लावता-काढतानाच पडते. तेव्हा चार्जर बंद असतानाच लाल चिमटा अधिकला, काळा वजाला लाव, दोन्ही हलवून घट्ट बसलेत ना बघ, आणि मगच भिंतीवरचं बटण दाब. काढताना आधी बटण बंद, नंतर चिमटे. प्लग तीन पिनचाच हवा, कारण चार्जरचं अंग लोखंडाचं आहे.

सहाही बुचं उघडून पाणी बघ. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाल. बाकी भर चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलंस तर ॲसिड बाहेर येईल. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर मुळीच नाही. बुचं उघडी ठेवून चार्ज करावं की लावून, यावर गॅरेजवाले कायम भांडतात. मी लावूनच ठेवते, फक्त त्यांची बारीक भोकं तुंबलेली नकोत. उघड्या तोंडातून ॲसिडचे शिंतोडे उडतात.

आता करंट. तुझ्या बॅटरीवर ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता) लिहिलं आहे, त्याचा दहावा भाग म्हणजे साडेतीन अँपिअर. चार्जर १२ व्होल्टवर आहे ना ते बघ, फिरकी सगळ्यात खालच्या टप्प्यावर ठेवून सुरू कर आणि काटा साडेतीनपर्यंत आणून थांब. घाई म्हणून दहावर टाकलंस तर प्लेटा तापतात, वाकतात. वेळेचा हिशेब मल्टिमीटरवरून कर. चार्जर लावण्याआधी १२.२ व्होल्ट दाखवले तर बॅटरी साधारण निम्मी आहे. साडेसतरा एएच भरायचे, पण थोडं वाया जातं म्हणून एकवीस धर, म्हणजे सहा तास. ११.८ किंवा त्याखाली असेल तर बारा.

दर तासाला फेरी मार. हाताला कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल तर बंद कर, थंड होऊ दे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच भिंतीवरचं बटण बंद कर. चिमट्यांना तेव्हा हात लावू नकोस, आधी हवा खेळू दे. शेवटी व्होल्टेज १४.४ च्या आसपास येईल आणि सेलमध्ये, म्हणजे बुचांखालच्या कप्प्यांत, बुडबुडे दिसतील. तासातासाच्या दोन-तीन फेऱ्यांत आकडा हलला नाही तर बॅटरी भरली. उगाच तासभर जास्त ठेवू नकोस, त्यात फक्त पाणी उडतं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, तेव्हा बुचं बंद हवीत. ॲसिड अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं नळाखाली धर. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन सरळ डॉक्टरकडे जा. चष्मा घालून काम केलंस तर बरं.

चार-पाच तास विश्रांती देऊन पुन्हा मोज. १२.६ आले तर छान. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर एक सेल गेला, नवी घे. बसवताना लाल आधी, काळी शेवटी. मग इंजिन चालू असताना टर्मिनलवर मोज. १३.८ ते १४.५ यायला हवेत. बाराच्या घरातच राहिले तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, बाजूला आहे, आणि मग हा चार्जर कितीही वेळा लावलास तरी बॅटरी पुन्हा उतरणारच. गाडीचं घड्याळ मात्र नव्याने लावावं लागेल.

पाना आणि मल्टिमीटर चार्जरच्याच पिशवीत ठेवते.

तुझी,
आई