एजंटाला परीक्षा, वकिलाला माफी

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

विषय : मालमत्तेची कामं करणाऱ्या वकिलांना सनद मिळाल्यानंतरही शिक्षण सक्तीचं करण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि. गेल्या आठवड्यात दिवाणी न्यायालयाने आमच्या प्लॉटवर तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला. जोत्यापर्यंत आलेलं बांधकाम तिथेच थांबलं. कर्जाचा हप्ता मात्र चालूच आहे. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून थोडक्यात लिहायचं ठरवलं आहे. जमेल असं नाही.

जमीन वडिलोपार्जित. मूळ मालक २००१ साली वारले आणि मुलाने आम्हाला खरेदीखत करून दिलं. त्याच्या दोन विवाहित बहिणींची नावं सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात होती, हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. त्या नावांवर बोट ठेवून मी वकीलसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी सर्च रिपोर्टात, म्हणजे मालकीहक्काच्या (टायटलच्या) तपासणीच्या अहवालात, लिहून दिलं : ‘सदर इसम दि. ९ सप्टेंबर २००५ पूर्वी मयत असल्याने मुलींस सहदायकी हक्क पोहोचत नाही, सबब टायटल निर्वेध व बोजारहित.’ खाली सही, शिक्का, सनद क्रमांक.

हा रिपोर्ट २०२२ सालचा. ९ सप्टेंबर २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा, म्हणजे सहदायकी हक्क, देणारी कायद्याची दुरुस्ती लागू झाली. ‘वडील त्या तारखेला हयात हवेत’ हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली फुलावती प्रकरणात सांगितला होता. त्याच न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो मोडीत काढला : मुलगी जन्मानेच सहदायक, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. पेपरांत पहिल्या पानावर आलेली बातमी. मी वकील नाही, तरी मला आठवते. आमच्या वकीलसाहेबांपर्यंत ती दोन वर्षांत पोहोचली नाही. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तर तोच रिपोर्ट पुन्हा टाइप केला. गट नंबरातली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली आहे. तीस वर्षांचा सर्च म्हणतात तो हा!

बहिणींचं काही चुकलेलं नाही. त्यांचा हिस्सा त्या मागताहेत आणि तो त्यांना मिळायला हवा. प्रश्न आमचा आहे. बायकोचे दागिने मोडून भरलेलं मार्जिन, घरभाडं आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून, शिवाय आता दुसऱ्या वकिलाची फी. पहिल्याने न वाचलेला निकाल दुसरा मला फी घेऊन वाचून दाखवतो आहे.

आता मौज पाहा. हा प्लॉट दाखवणारा एजंट रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या प्रकल्पांची कामं करतो, म्हणून महारेरा या राज्याच्या नियामकाच्या २०२३ सालच्या नियमाप्रमाणे त्याला वीस तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागली. आमच्या फॅमिली डॉक्टरांना महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत प्रशिक्षणाचे तीस क्रेडिट (गुण) जमवावे लागतात. न्यूयॉर्कच्या अनुभवी वकिलालाही दर दोन वर्षांनी चोवीस तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे वकिलाने सनदेच्या वेळी एकदा अखिल भारतीय परीक्षा दिली की झालं. ती २०१० च्या सुमारास आली. त्याआधी पदवी घेतलेल्यांना तीही नाही. म्हणजे गिऱ्हाईक आणणाऱ्याने शिकायचं आणि मालकी कुणाची हे ठरवणाऱ्याने फक्त शिक्का मारायचा.

बरं, दाद कुठे मागायची? अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करावी, तर चुकीचा सल्ला म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगून ठेवलंय. फौजदारी करावी, तर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचं टायटलबद्दलचं मत चुकलं एवढ्यावर गुन्हा होत नाही, हा निकाल २०१२ चा. ग्राहक आयोगात जावं, तर १४ मे २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर. उरला नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. त्यासाठी आधी कोर्ट फी भरा, आणि वकील करा!

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या खात्याने अधिवक्ता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. वकिलांनी काम बंद ठेवलं आणि दहा दिवसांच्या आत आपण माघार घेतलीत. मसुद्यावर नव्याने काम करू, पुन्हा सल्लामसलत करू, असं सांगितलंत. त्या मसुद्यातलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण वकील रस्त्यावर आले की सरकार दहा दिवसांत हलतं, आणि पक्षकार वर्षानुवर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसला तरी कुणाला काही वाटत नाही, एवढं मला कळलं.

आणि सरकार तरी काय वेगळं? खरेदीखताच्या दिवशी रेडीरेकनर लावून मुद्रांक शुल्क घेतलंत, वर नोंदणी फी घेतलीत, अंगठ्याचे ठसे घेतलेत. हे राज्याचं खातं, ठाऊक आहे. पैसे देणाऱ्याला सरकार एकच दिसतं. एवढं घेऊन हमी कसली? दस्त नोंदवला गेला, एवढीच. मालकीची नाही. नोंदणी कायदा १९०८ चा, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. सातबारा मोबाइलवर दिसतो, पण तो कुणाचा हे अजून कोर्टच ठरवतं. दिवाणी दाव्यांपैकी दोन-तृतीयांश जमीनजुमल्याचे, असं २०१६ च्या एका पाहणीत आलं होतं. आकडा आता कमी झाला असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

मागणी फार मोठी नाही. टायटलचा दाखला देणाऱ्या वकिलाने दरवर्षी ठरावीक तास मालमत्ता कायद्याचं शिक्षण घ्यावं, तेही परीक्षेसह. चहा-बिस्किटांच्या परिसंवादाची हजेरी त्यात धरू नये. शेवटचं प्रशिक्षण कधी घेतलं, ते सर्च रिपोर्टावर सनद क्रमांकाशेजारी छापावं. आणि रिपोर्ट चुकला तर भरपाई देणारा विमा सक्तीचा करावा.

‘आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी बार कौन्सिलकडे पाठवण्यात येत आहे’ असं छापील उत्तर पाठवणार असाल, तर टपालखर्च वाचवा. बार कौन्सिल वकिलांनी निवडून दिलेली. ती ज्या कायद्याने चालते तो तुमच्या खात्याकडे आहे. त्याच्या दुरुस्तीचं घोडं कुठे अडलंय, तेवढं तारखेनिशी कळवा. आमच्या दाव्याची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. तोवर उत्तर द्यायला तुम्हालाही पुरेसा वेळ मिळेल.

आपला,
एक हप्ते भरणारा नागरिक