काकूंचा मोगरा आणि माझा चोथा

पुणे, ११ मे

प्रिय शुभे,

तीन महिने पत्र नाही, आणि फोनवर मी नुसतं 'सगळं ठीक' म्हणत राहिले. ठीक नव्हतं. गुडघा आहे तसाच आहे, तो सोड. काकूंचा मोगरा मी जवळजवळ मारला.

कुंडी देताना तू बजावलं होतंस, "वर्षातून दोनदा शेणखत, बाकी काही करू नकोस." काही करू नकोस म्हटलं की माझे हात शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. घरात रोज फिल्टर कॉफी, रोज ओंजळभर चोथा. (हो, अजून कॉफीच. तुझ्या चहाच्या पक्षात मी यायची नाही.) कुणीतरी सांगितलं, चोथ्यात २ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, शिवाय मोगऱ्याला हवी ती आम्लताही मिळते. झालं! जानेवारीत छाटणी केली आणि रोज सकाळी भांडं थेट कुंडीत झटकायला लागले.

बोटभर थर साचला. तो वाळून अशी खपली धरली की झारीतलं पाणी वरच्यावर कडेनं घरंगळून ताटलीत. ताटली भरली की मी खूश, झाड पोटभर प्यालं! खाली मुळं कोरडी ठणठणीत. मग पांढरी बुरशी, मग चिलटं. हे म्हणाले, "आता साखर घाल, म्हणजे मुंग्याही येतील." पानं पिवळी पडली. अख्ख्या मार्चमध्ये एक कळी नाही.

शेजारच्या कुंडीत चोथा कालवून धणे पेरले होते, कोंबसुद्धा नाही. मी वाण्याशी भांडून आले. नंतर कळलं, चोथ्यात उरलेलं कॅफीन बी रुजू देत नाही. नत्र आहे, पण चोथा कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही. उलट कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात. आणि आम्लता? ती बरीचशी आपल्या कपात उतरते, चोथ्याचा सामू (pH) ७ च्या जवळपास, म्हणजे आम्ल जवळजवळ नाहीच. पाण्यात विरघळतं ते पाण्याबरोबर जातं, एवढं तर बी.एस्सी.ला होतं! माझं जर्नल तू उतरवून दिलंस हे चाळीस वर्षं ऐकवतेस, आज ऐकव, हक्क आहे.

एप्रिलमध्ये खुरप्यानं खपली काढली, कुंडी घमेल्यातल्या पाण्यात ठेवली. बुडबुडे थांबेपर्यंत समोर बसून होते. आता चोथा कंपोस्टच्या बादलीत, तोही पाचवा हिस्सा, बाकी पालापाचोळा. दोन धुमारे फुटलेत. कळी नाही.

जावयाची बदली झाली का? नातीचे दात? लिही.

जूनमध्ये तू आलीस की चपला काढायच्या आधी गॅलरीत जाशील. काकूंच्या फोटोला मंडईतला गजरा घालून गप्प बसायचं ठरवलं होतं, पण काकूंनी वासावरून ओळखलं असतं. तू नागपूरला नेलेली फांदी जगली असेल तर एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आण. आणि आल्या आल्या कॉफी सोड म्हणू नकोस.

तुझीच,
मंदी